हिवरखिंडीचा वीर कुणाचा?

चंद्राबाई आल्यागेल्या माणसाकडं बघायची ती पायांपासून वर. चप्पल कुठली, तिला माती तांबडी लागलीय का काळी, माणूस कुठल्या वाटेनं वर आलंय, हे आधी बघायची आणि मग तोंडाकडं. तोंडावर काहीही दाखवता येतं, असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळं पौषातल्या एका सकाळी तासगावकडचा कॉलेजातला शिक्षक गोमटेश मोटरसायकलवरून हिवरखिंडीत आला, तेव्हा त्यानं हात जोडून नमस्कार केला आणि चंद्राबाईनं गाडीचा नंबर बघून ठेवला.

हिवरखिंड म्हणजे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मधल्या डोंगरधारेवरची वीसेक घरांची वाडी. मत टाकायला डोंगराच्या एका अंगाला उतरायचं आणि बाजाराला दुसऱ्या. एसटी येते ती खालच्या फाट्यापर्यंत. कालवा आला, पण तो पायथ्यानं गेला. त्याच्या पाण्यावर खाली डाळिंबाच्या बागा उठल्या आणि वर शाळू, बाजरी, मटकी होती तशीच राहिली. घरटी एक माणूस लष्करात नाहीतर सोनं गाळायच्या दुकानात, पार केरळापर्यंत. मागं राहिलेल्यांचं एकमेकांवर इतकं लक्ष की कुणाच्या घरात भांडं पडलं तर आवाजावरनं घर सांगावं.

वाडीचा इतिहास कुठं लिहिलेला नव्हता, पण लेकराबाळांना पाठ होता. सात पिढ्यांमागं रायाजी काटकर भावकीला वैतागून बायको आणि गुरं घेऊन खिंडीत आला. त्यानं पाणी शोधलं, आड खांदला, हिवराची झाडं तोडून रान केलं. मागनं त्याचा भाचा आला. एकदा दरोडेखोरांनी भाच्याची गुरं वळवून नेली. रायाजी एकटा त्यांच्या मागं धावला, गुरं सोडवली आणि खिंडीच्या तोंडाशी जखमांनी पडला. तिथं त्याचा दगड उभा केला. रायाजीचा वंश ती वरची आळी, भाच्याचा वंश ती खालची. या एका गोष्टीवर वाडीतले सगळे मान ठरलेले होते. चैत्रातल्या जत्रेचा पहिला नारळ वरच्या आळीचा. खालच्या आळीची माणसं दगडाला हात लावायची ती वरच्या आळीचा लावून झाल्यावर.

चंद्राबाई वरच्या आळीची सून. म्हसवडकडनं लग्न होऊन आली तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. नवरा, लालासाहेब, लष्करात. वर्षाकाठी सुटीला यायचा, लाकडाच्या दोन मोळ्या फोडून द्यायचा आणि जायचा. शेत तिनंच केलं. तिच्या रानाला लागून धाकट्या दिराचं, नाथाजीचं रान. मध्ये बांध. दर पावसाळ्यात नांगरट झाली की तो बांध तिला आपल्याकडं सरकल्यासारखा वाटायचा. तिनं नवऱ्याला कळवलं. त्यानं उलट कळवलं, भाऊ आहे माझा, असला संशय घेऊ नको.

ती पुन्हा काही बोलली नाही. एका दुपारी नाथाजी बाजाराला गेलेला बघून तिनं बांधाच्या कडेनं हात हातभर खड्डे घेतले, त्यात चुलीतले कोळसे आणि फुटकी कौलं पुरली आणि वरनं माती दाबली. दोन पावसाळे जाऊ दिले. मग पंचांना रानात बोलावलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कुदळ मारली. कोळसे निघाले ते नाथाजीच्या उभ्या बाजरीत, बांधापासून चांगले आत. नाथाजी तेव्हा मिसरूड फुटलेला गडी. मान खाली घालून उभा राहिला. बांध मागं गेला आणि पुन्हा कधी हलला नाही.

तेव्हापासून चंद्राबाई आपल्या डोळ्यांशिवाय कशावर विश्वास ठेवेनाशी झाली. तेलवाल्याचं माप ती दोनदा ओतून बघायची. मुलगा शंभूराज लष्करात भरती झाला तेव्हा त्याच्या बोलावण्याचा कागद तिनं तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला. वाडीतली माणसं हसायची. चंद्राबाईला देव भेटला तर ती त्याचं आधार कार्ड मागेल, म्हणायची. पण कुणाचं वासरू हरवलं की सगळ्यांच्या आधी तिलाच विचारायची.

नवरा निवृत्त होऊन आला आणि थोड्याच वर्षांत गेला. नाथाजी आता वरच्या आळीचा कर्ता. मवाळ, कमी बोलणारा. रोज सकाळी अंघोळ करून तांब्या घेऊन दगडाकडं जायचा, पाणी घालायचा, शेंदराचं बोट लावायचा. त्याचा त्यात चुकारपणा नव्हता. चंद्राबाईही ते मान्य करायची.

त्या वर्षी मार्गशीर्षात एक गोष्ट घडली. दगडावर पिढ्यान्पिढ्या चढलेल्या शेंदराचं कवच एका सकाळी आपोआप सुटून खाली पडलं. आत काळा, कोरीव दगड. खाली गुरांची रांग आणि तलवार उपसलेला माणूस. मध्ये त्याला दोन्ही अंगांनी धरून वर नेणाऱ्या बायका. वर पिंडीपुढं बसलेला तोच. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सगळी वाडी लोटली. चंद्राबाईची सून दीपमाला हिनं फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला टाकला. तो फोटो या फोनावरून त्या फोनावर फिरत गोमटेशपर्यंत पोचला, आणि म्हणून तो आला होता.

"कशाला हवंय तुमाला आमच्या दगडाचं?" चंद्राबाईनं विचारलं.

"आजी, मी लहान लहान वाड्यांचा इतिहास गोळा करतो. जिथं कुणी विचारायला जात नाही तिथला."

"आन् गोळा करून काय करता?"

"लिहून ठेवतो."

"कुणासाठी?"

गोमटेशला चटकन उत्तर देता आलं नाही. चंद्राबाईनं ते ध्यानात ठेवलं.

तो दिवसभर राहिला. दगडावर कणीक चोळून त्यानं कोरीवकाम नीट दिसेलसं केलं, फोटो घेतले. संध्याकाळी पारावर दोन्ही आळ्यांची माणसं जमली. गोमटेशनं नाथाजीला विचारलं, "वाडी वसून किती काळ झाला?"

"सात पिढ्या," नाथाजी म्हणाला.

गोमटेशनं दगडाचे फोटो पुन्हा एकदा बघितले. मग हळूच म्हणाला, "काका, हा वीरगळ त्याच्या फार आधीचा आहे. सात-आठशे वर्षांपूर्वीचा तरी असावा, असं घडणीवरून वाटतं. वाडी बसली तेव्हा तो इथं उभाच असणार."

 खालच्या आळीचा शिवतेज, शालूबाईचा मुलगा, खालच्या फाट्यावर मोटारी दुरुस्त करणारा तरणा गडी, तो तेवढा हसला. "म्हंजी रायाजीबाबा न्हवंच ह्यो?"

"कुणाचा आहे ते सांगता येणार नाही. नाव कोरलेलं नाही. मी जाणकारांना दाखवतो आणि जत्रेला येऊन सांगतो," गोमटेश म्हणाला.

चंद्राबाई सगळा वेळ गोमटेशकडं बघत होती. त्याचे हात, त्याची पिशवी, त्याचा तो चांगला फोन. दुसऱ्या कुणाकडं तिनं बघितलंच नाही.

माघात खालच्या गावात वाडीतल्या पोरीचं लग्न होतं. घरं ओस पाडून सगळे उतरले. दोन-चार म्हातारी माणसं राहिली, आणि ताप आलाय म्हणून नाथाजी राहिला. दिवस कलता मंडळी वर आली तर खिंडीच्या तोंडाशी नाथाजी जमिनीवर बसलेला. डोळे लाल. पुढं नुसता खड्डा.

"न्हेला रं," तो म्हणाला. "दुपारी मोटरसायकलचा आवाज आला व्हता. मला वाटलं कुणी पावणं असतील. तापात डोळा लागला माजा."

बायकांनी रडणं सुरू केलं. चंद्राबाई रडली नाही. तिनं सुनेला सांगितलं, "दीपमाला, लिवून घे," आणि गोमटेशच्या गाडीचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

शिवतेज म्हणाला, "काकी, मोटरसायकलवर कंबरंएवढा दगड कसा जाईल?"

"खाली टेंपो उभा केला असंल. तुला बरी त्याची बाजू घ्यावीशी वाटली."

दुसऱ्या दिवशी तिनं ठाण्यात जाऊन तक्रार दिली. पोलिसांनी गोमटेशला बोलावलं, विचारलं, त्याचा फोन बघितला. हाती काही लागलं नाही, तरी विचारणं थांबलं नाही. कॉलेजात बातमी पोचली. देवाचा दगड चोरणारा मास्तर, असं कुणीतरी मोबाइलवर टाकलं आणि ते सगळीकडं झालं. तो एकदा वाडीत आला, एकटाच. चंद्राबाईच्या दारात उभा राहिला.

"आजी, मी नेला नाही."

"चोर आणि काय म्हणंल?"

"तुम्ही मला त्या दिवशी भाकरी वाढली होती. तुमच्या घरचं खाऊन मी असं करीन?"

"भाकरी कुनीबी खातं," ती म्हणाली आणि दाराची कडी लावून घेतली. आत गेल्यावर मात्र तिला जरा चुकल्यासारखं झालं. तो आला त्या वाटेची माती त्याच्या बुटांना होती. तो गाडीनं आलाच नव्हता, फाट्यावरून चालत आला होता. चोर असा चालत येत नाही. पण तिनं तो विचार मागं सारला.

वाडीत मात्र काहीतरी नासलं. मास्तराला वाडीतल्याच कुणाची तरी साथ असणार, अशी कुजबुज सुरू झाली. फाल्गुनात शाळू काढायला आला. दर वर्षी या आळीनं त्या आळीच्या रानात उतरायचं आणि त्यांनी यांच्या, असा पैरा चालायचा. या वर्षी खालच्या आळीनं कळवलं, आम्ही आमचं बघू. बायका विरजण मागायला दारात येईनात. सुटी फिरणारी कुत्री लोकांनी बांधून घातली. परगावच्या दुकानांतून फोन यायचे ते हेच विचारायला, कुणाचं नाव निघालं का.

चंद्राबाईच्या डोक्यात एक गोष्ट राहून राहून यायची. दगड गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी ती खड्ड्यापाशी गेली होती. पुढच्या अंगाला सगळ्यांच्या पायांनी माती तुडवली होती. पण मागं, तोडून टाकलेल्या बाभळीच्या काटेरी फेसाटीच्या आडोशाला, धुळीत बारीक बारीक ओरखडे होते. कुणीतरी फांदीनं ती जागा झाडली होती. बाहेरचा चोर माल उचलून पळेल. तो जमीन झाडत बसेल कशाला? ज्याला उद्याही इथंच राहायचंय, तोच झाडेल.

आणि ते ओरखडे ओढ्याकडं गेले होते. ओढ्यापलीकडं खालची आळी.

तिला शिवतेजचं हसणं आठवलं. झालं, संशयाचं तोंड फिरलं. ती काही ना काही निमित्त काढून खालच्या आळीत जाऊ लागली. एक दिवस शालूबाईच्या गोठ्यात गव्हाणीमागं वाकून बघत असताना मागनं शालूबाईच उभी राहिली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, एकाच आडावर घागरी भरलेल्या.

"काय हुडकतीस, चंद्रा?"

चंद्राबाई सरळ झाली. "मांजर आलंय का बघतेय."

"मांजर व्हय." शालूबाई गोठ्याच्या दारातून बाजूला झाली. "बघ. वर माळ्यावर बघ, कणगीत बघ. चुलीतली राख उकर. माझ्या शिवतेजच्या हाथरुणाखाली बघ. आन् झालं म्हंजी परत माझ्या दारात येऊ नगंस."

चंद्राबाई खाली मान घालून ओढा ओलांडून आली. तरी मन म्हणत होतं, एवढी चिडली म्हणजे काहीतरी असेल.

नाथाजी मात्र खंगत चालला होता. दगड गेल्याचं दुःख, असं सगळे म्हणायचे. सकाळी अंघोळ करून तांब्या घेऊन निघायची त्याची सवय काही सुटली नव्हती. दगड नाही, तरी तांब्या घेऊन निघायचा. चंद्राबाईला पहिल्यांदा वाईट वाटलं. मग एका सकाळी उंबऱ्यावर दात घासता घासता तिच्या ध्यानात आलं की तो खिंडीकडं जात नाही. तो घरामागं, खळ्याकडं जातो.

खळ्यावर त्याच्या दोन गंजी होत्या. एक गेल्या सालच्या कडब्याची, एक यंदाच्या. तिनं म्हशीपुढची वैरण बघितली. नवी होती, पिवळसर, ताजी. जगात कुठला शेतकरी जुना कडबा ठेवून नवा आधी घालतो? तिनं जुन्या गंजीकडं बघितलं. गंज नीट शाकारलेली, खालच्या पेंढ्या दाबून बसवलेल्या. एक पेंढीही काढलेली नव्हती.

 ती घरात आली आणि दीपमालाला म्हणाली, "चहा टाक." चहा आला तो तिनं तसाच निवू दिला. ती त्या दिवशी पुन्हा खळ्याकडं फिरकली नाही. पुढचे काही दिवसही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं की आपला संशय खोटा ठरावा.

बुधवारी नाथाजी म्हसवडच्या बाजाराला गेला. ती भर दुपारी खळ्यावर गेली, पदर खोचला आणि जुन्या गंजीच्या पेंढ्या काढायला लागली. चौथी-पाचवी रांग काढल्यावर हात थंड, गुळगुळीत गोष्टीला लागला. दगड आडवा निजवलेला होता. खाली पोती. माथ्यावरच्या चंद्र-सूर्याला हळद-कुंकू, आणि एक ताजं कण्हेरीचं फूल.

ती तिथंच बसून राहिली. नाथाजी परतला तो पिशवी घेऊन सरळ खळ्याकडंच आला. उपसलेली गंज बघितली, तिला बघितलं. पिशवी खाली ठेवली.

"वैनी," तो म्हणाला.

"एकट्यानं न्हेला?"

"पहारीनं उचकटला. पोत्यावर घेतला, बैलं जुपली. वड्यातनं फिरवून आणला."

"आन् माग झाडला."

"व्हय."

"भावजी, ज्या पोरानं कधी कुनाची काडी न्हेली न्हाई, त्याच्या मागं पोलीस लावला म्यां. तुमी मोटरसायकल सांगितली म्हून."

नाथाजी गंजीला टेकून खाली बसला. "तो जत्रंला येणार व्हता वैनी. सगळ्यांम्होरं सांगणार व्हता. दगड तुमच्या आदीचा. तुमचा कुनी न्हाई. मग आमी कोण? सात पिढ्या आमी कुनाला पाणी घालत आलो?"

"त्यात काय झालं? पाणी घातलं ते घातलं."

"तुमाला काय झालं न्हाई." नाथाजीनं जवळची एक पेंढी बाजूला फेकली. "तुमी मला एकदा पंचांम्होरं खाली बघाय लावलं. चूक माजी व्हती, मी न्हाई म्हणत न्हाई. पर त्या दिवसापास्नं ह्या वाडीत माज्याजवळ एवढंच व्हतं. रायाजीबाबाच्या घरचा म्हून माणसं राम राम घालत व्हती. नुसता नाथाजी म्हून कुनी घातला नसता. त्येबी गेलं, तर माज्याजवळ ऱ्हातंय काय?"

 कोळसे निघाले त्या दिवशी ती जिंकली होती. नंतर तो इतकी वर्षं कसा जगला, ते तिनं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या हातांवर, पायांवर, बांधावर तिची नजर असायची. त्याच्या तोंडाकडं तिनं बघायचं सोडून दिलं होतं.

"आता तुमी सांगा न्हाईतर झाका," नाथाजी म्हणाला. "दगड आपल्या आळीचा हाय. तुमच्या नातवाचाबी मान हाय त्यात. कुनाला कळायचं न्हाई."

हे खरं होतं. पेंढ्या परत लावल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. चार महिन्यांनी दगड ओढ्यात सापडवता आला असता. वरच्या आळीचं नाव राहिलं असतं. तिनं तो विचार केला, अगदी पुरता केला, आणि तो इतका सोपा वाटला की तिला स्वतःचीच भीती वाटली.

ती उठली, ओढा ओलांडला आणि शालूबाईच्या दारात उभी राहिली. शालूबाई तांदूळ निवडत होती. वर बघेना.

"शालू, दगड सापडला. आमच्याच घरात. चल, पेंढ्या काढाय हात लाव."

शालूबाईनं सूप खाली ठेवलं. "का? ह्यात काय डाव हाय तुजा?"

"डाव न्हाई."

"तू आन् डाव न्हाई!" असं म्हणत शालूबाई उठली तरी. येताना तिनं शेजारच्या दोघींना हाक मारली, साक्षीला असाव्यात म्हणून.

घटकाभरात सगळी वाडी खळ्यावर होती. शिवतेजनं चौघांच्या मदतीनं दगड बाहेर काढला. नाथाजी ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसला होता. खालच्या आळीतून आवाज उठले, पोलिसांना बोलवा, आता बोलवा. आम्ही चोर, आमच्या गोठ्यात वाकून बघितलं, आणि माल यांच्याच घरात. शिवतेज सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

चंद्राबाई मध्ये उभी राहिली. "पोलिसाकडं मीच जाते. तक्रार मी दिली, मागं मी घेते. काय विचारायचं ते त्यांनी भावजींना विचारू दे. आन् शालू, तुझ्या गोठ्यात मी वाकले. सगळ्यांम्होरं सांगते, माजं चुकलं."

शालूबाई पाठ फिरवून घराकडं निघाली. पण संध्याकाळी दीपमाला ओढ्याकडं गेली तेव्हा शालूबाईनं तिच्या हातात विरजणाची वाटी दिली.

ठाण्यात नाथाजीचा जबाब झाला. साहेबांनी त्याला खडसावलं आणि दगड पहिल्या जागी बसवून द्यायला सांगितलं. मग चंद्राबाई एसटीनं तासगावला गेली. विचारत विचारत गोमटेशच्या घरी पोचली. घराच्या मागं बेदाण्याची शेड. जाळ्यांवर द्राक्षं सुकत घातलेली. गोमटेशची आई गुणमाला बेदाणे निवडत होती. नाव ऐकल्यावर तिनं चंद्राबाईला नखशिखांत न्याहाळलं.

"आता काय पाहिजे तुम्हाला? कोणी पाठवलं?"

"कुनी न्हाई. दगड सापडला. त्यानं न्हेला नव्हता, हे सांगाय आले."

"ते आम्हाला ठाऊकच होतं. आम्हाला सांगून काय उपयोग? ज्यांनी मोबाइलवर टाकलं त्यांना सांगा. माझा मुलगा महिनाभर बाजारात गेला नाही. त्याचे वडील देवळात जायचे ते लोकांच्या नजरा चुकवून जायचे."

चंद्राबाई उभीच होती. कुणी बस म्हटलं नाही. आपल्या दारात उभ्या राहिलेल्या किती माणसांना आपण असंच उभं ठेवलं असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या हितल्या माणसांम्होरं चला माज्यासंगं. ज्याला ज्याला सांगायचं त्याला मी तोंडानं सांगते."

गुणमालानं तिला खरंच नेलं. आळीतल्या दुकानात, देवळाच्या पायऱ्यांपाशी, कॉलेजच्या दारात. चंद्राबाई प्रत्येक ठिकाणी तेच बोलली. मी हिवरखिंडीची चंद्राबाई, मीच तक्रार दिली, ती खोटी निघाली, मुलगा निर्दोष आहे. दीपमालानं दिलेला फोन तिनं गोमटेशच्या हातात ठेवला आणि म्हणाली, हे सगळं यातही टाका, जिथं जिथं ते गेलं तिथं तिथं हे गेलं पाहिजे. गोमटेशनं तिचं बोलणं चित्रित केलं. परतल्यावर गुणमालानं तिला पाट दिला आणि जेवायला वाढलं. बोलली मात्र नाही.

निघताना गोमटेश म्हणाला, "जत्रेला येईन की नाही, सांगत नाही आजी. सध्या मन होत नाही."

"नगा येऊ," ती म्हणाली. "यायला पाहिजे असं आमी काय केलंय?"

चैत्राची जत्रा आली. गोमटेश आला नाही; त्यानं फोनवर चार वाक्यं पाठवली होती, ती दीपमालानं पारावर वाचून दाखवली. त्यात होतं की, हा कोण ते कधी कळणार नाही. तुमच्या आधीही या खिंडीत माणसं राहिली, गुरं पाळली, आणि त्यांच्यासाठी हा मेला. एवढं मात्र दगडात दिसतं. वरच्या आळीतल्या काहींनी ते खोटं आहे असं जाहीर केलं. मग पहिल्या नारळावरून वाद झाला. शेवटी वरच्या आळीतून एक आणि शिवतेज, अशा दोघांनी एकदम नारळ फोडायचं ठरलं. फोडले. आमचा आधी फुटला, असं दोन्ही आळ्या आजही म्हणतात. चंद्राबाई अगदी जवळ उभी होती. तिला विचारलं तर ती म्हणते, मी बघितलं नाही. कुणाचाच विश्वास बसत नाही.

नाथाजी जत्रेत फिरकला नव्हता. सकाळी तांब्या घेऊन जाणंही त्यानं सोडलं होतं. चंद्राबाई दीपमालाबरोबर त्याला भाकरी पाठवायची. कधी अर्धी परत यायची, कधी सगळी. मग एक दिवस ती स्वतःच ताट घेऊन गेली आणि ओसरीवर बसली.

"राम राम, भावजी," ती म्हणाली.

वहिनी दिराला कधी राम राम घालते का? नाथाजीनं वर बघितलं.  मग ताट ओढून घेतलं.

वैशाखात तो आपणहून म्हणाला, "वैनी, त्या मास्तराच्या घरी जाऊन येतो. मटकी न्हेतो पायलीभर."

चंद्राबाईला तो जाईल असं वाटेना. वाटेतच उतरेल, कुठंतरी बसून संध्याकाळी परत येईल. म्हणून ती त्याच्या मागोमाग फाट्यापर्यंत उतरली, झाडाआड उभी राहिली, तो एसटीत चढला हे बघितलं, आणि गाडी वळणापलीकडं गेल्यावरच माघारी फिरली. घरी आल्यावर दिवसभर तिचं कामात लक्ष लागेना.

दुपार टळल्यावर दीपमालाचा फोन वाजला. गुणमाला होती. चंद्राबाईनं फोन कानाला लावला.

"तुमचे दीर आलेत," गुणमाला म्हणाली. "दारात आले आणि गोमटेशच्या पायाशी वाकायला लागले, त्यानं धरून बसवलं. आता जेवायला बसलेत दोघं."

चंद्राबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्येच हायत न्हवं?" तिनं विचारलं. "डाव्या कानाची पाळी फाटलीय का, तेवढं बघा जरा."

 पलीकडं गुणमाला हसायला लागली, आणि हसत हसतच आत ओरडून तिनं मुलाला बघायला सांगितलं.